मास्तरांनी गाणं दुरुस्त केलं

आमच्या वसमतच्या गल्लीत कुणाकडं नवा कुकर आला की त्याची पहिली शिट्टी मास्तर ऐकायचे. त्यांना काही बोलवावं लागत नसे. समोर दुकानात बसल्या जागी ऐकायचे आणि तिथूनच ओरडायचे, "अक्का, कुकरचं रबर बराबर बसलं न्हाई. शिट्टीच्या आधी फुसफुस करून राहिलंय." झाकण काढून बघावं तर रबर खरंच एका बाजूला दुमडलेलं. माझ्या शिलाई मशीनला तेल कधी घालायचं हे मी जन्मात लक्षात ठेवलं नाही. मशीन कुरकुरलं की ते तेलाची बुधली घेऊन रस्ता ओलांडून हजर. "तकलीफ होऊन राहिली बिचारीला," म्हणायचे. बिचारी म्हणजे मशीन. सकाळपासून पायडल मारणारी मी नव्हे.

लक्ष्मण मास्तर शाळेत कधी शिकवायला नव्हते. तबले, ढोलक्या, मृदंग दुरुस्त करायचे. पण हातोडी हातात घेऊन बसले की समोरचा माणूस केवढाही मोठा असो, वर्गात बसल्यासारखा गप्प होई, म्हणून ते मास्तर. दुकान म्हणजे एक लांबट खोली, बाहेर फळकूट टाकलेलं बाकडं. आत फळीवर बुद्धविहाराच्या गायन मंडळाची ढोलकी आणि मारुतीच्या देवळातला मृदंग शेजारी शेजारी बसलेले. आजूबाजूच्या गावांतले, हट्ट्याचे, शिरड शहापूरचे भजनी मंडळवाले वाद्य खांद्यावर टाकून यायचे. मास्तर वाद्याला हात लावायच्या आधी त्याला एक टिचकी मारायचे, डावा कान पुढं करायचे आणि म्हणायचे, "बोल." वाद्य काय बोललं ते त्यांनाच कळे. घेऊन आलेल्या माणसाला मात्र ते बोलू देत नसत. "तुमी थांबा. त्याचं होऊ द्या."

लगीनसराईत ते दोन्ही कानांत कापूस घालून फिरायचे. वरातीच्या डीजेचा त्यांना धसका. त्या दिवसांत त्यांना काही सांगायचं तर पाटीवर लिहून दाखवावं लागे, आणि ते वाचून एवढ्या मोठ्यानं उत्तर देत की कापूस आपल्या कानात असायला हवा होता असं वाटे.

सुराच्या बाबतीत मास्तर खोटं बोलत नसत. ह्याचा गावाला अभिमान होता आणि भीतीही होती. एकदा हळदीच्या एका बड्या व्यापाऱ्यानं घरी कार्यक्रम ठेवला. त्याच्या मुलानं तबला वाजवला. जेवणाचा बेत होता, पंचक्रोशीतले पाहुणे होते, आणि व्यापाऱ्यानं मास्तरांना मुद्दाम पुढं बसवलं होतं. वाजवून झाल्यावर सगळ्यांच्या देखत विचारलं, "मास्तर, कसं वाटलं?"

मास्तरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "पोरगं दमलंय. त्याला पाणी द्या."

त्यावर कुणाला हसताही येईना आणि रडताही येईना. गंमत म्हणजे दुसऱ्या आठवड्यात तोच मुलगा आपण होऊन मास्तरांकडं शिकायला आला. पुढं बरा वाजवायला लागला म्हणतात. मास्तरांना विचारलं तर म्हणायचे, "आता कमी पाणी लागतं."

मास्तरांची बायको शांताबाई लवकर गेली. मागं एकच लेक, सुजाता, आमची सुजी. ह्या पोरीचे कान बापावर गेले होते, पण हात तबल्यावर बसेनात. नांदेडला एका बाईंकडं व्हायोलिन शिकली, मग पुण्याला, आणि मग शिष्यवृत्ती घेऊन थेट जर्मनीला. तिथं तिनं व्हायोला धरला. व्हायोला म्हणजे काय हे मास्तरांनी सगळ्या गल्लीला समजावून सांगितलं होतं. "व्हायोलिनची थोरली बहीण. अंगानं भरलेली. आवाज जाड. बोलती कमी." ती आणि आणखी तिघं, असे चौघं मिळून वाजवतात. दोन व्हायोलिन, एक हिचा व्हायोला, आणि एक उभं धरून वाजवायचं मोठं वाद्य. छोटी खोली, शंभरभर माणसं, माईक नाही, पुढं काठी हलवणारा नाही.

"माईक न्हाई म्हणजे शहाणी माणसं हायत," मास्तर म्हणाले. जर्मनीबद्दल त्यांचं मत तिथंच चांगलं झालं.

मग एका उन्हाळ्यात सुजीनं मोबाईलवर त्यांचं वाजवणं पाठवलं. कुण्या परदेशी बाईनं अलीकडं रचलेलं. बावीस मिनिटांचं. बरोबर एवढंच लिहिलं होतं, "बाबा, ह्याच्यावर आम्ही वर्षभर मेहनत केली. ऐका आणि खरं सांगा."

मास्तरांनी मला हाक मारली. "अक्का, या. दोघं मिळून ऐकू. तुमचे कान कोरे हायत."

"कोरे म्हणजे?"

"म्हणजे तुमाला काही येत न्हाई."

"बरं झालं सांगितलंत."

डग्ग्याचं एक रिकामं पितळी भांडं होतं, त्यात त्यांनी मोबाईल उभा ठेवला. आवाज मोठा आणि गोल यायचा त्यातून. मग मांडी घालून, डोळे मिटून, उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेवून बसले. आणि ते सुरू झालं.

आता त्याला गाणं म्हणावं तर त्यात गाणारं कोणी नाही, पण दुसरा शब्द मला सापडला नाही. सुरुवातीला एक सूर लांबवर ओढलेला, मग त्याच्यावर दुसरा येऊन बसला, तोही अर्धवट. मग एकदम चौघं खरखरले आणि गप्प झाले. इतका वेळ गप्प की मला वाटलं मोबाईलच बंद पडला. मास्तरांची बोटं मांडीवर मोजत होती. तालाचा पहिला ठोका, फिरून फिरून सगळे जिथं येऊन भेटतात, ती सम ते शोधत होते. सात मोजून बघितले. दहा मोजून बघितले. अकरा. मधेच चेहरा उजळायचा, "आली!" असं पुटपुटायचे, आणि ती काही यायची नाही.

बाराव्या-तेराव्या मिनिटाला तर कहर झाला. दोन सूर एकमेकांना खेटून उभे राहिले आणि हलेनात. मास्तरांनी कच्ची चिंच चावल्यासारखं तोंड केलं. "एकाच सीटवर दोघं बसलेत," ते म्हणाले, "आन दोघंबी म्हणून राहिलेत, रिझर्वेशन माझं."

तेवढ्यात मागच्या हळद पॉलिशच्या कारखान्यातला माणूस पिवळ्याधमक हातांनी दारात येऊन उभा. "मास्तर, काही अडकलं का? आमच्या पॉलिशच्या ड्रमचा वाटला आवाज, म्हणून पळत आलो."

"तुमचा ड्रम बरा," मास्तर म्हणाले. "जा."

बावीस मिनिटं झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बोला, अक्का."

मी म्हटलं, "मला तर वाटलं, कुणी लोखंडी कपाट ओढत घेऊन चाललंय. चौघं जण हायत आणि चौघांचं जमंना."

ही मी थट्टा केली होती. पण मास्तर गंभीर झाले. "चौघांचं जमंना, हे बराबर," म्हणाले.

त्या दिवसापासून रोज जेवण झालं की बावीस मिनिटं. मी ब्लाऊजला हुकं लावत बाकड्यावर बसायची, ते भांड्यापुढं. एकदा उपाशीपोटी ऐकून बघितलं. एकदा शिवाजीनगरच्या तळ्याकाठी जाऊन ऐकलं, तिथं म्हशींनी माना वर केल्या एवढंच. एकदा डावा कान बंद करून, एकदा उजवा. औषध लागू पडलं नाही की माणूस जसा हैराण होतो, तसे झाले होते. शेवटी मीच म्हटलं, "मास्तर, काहून एवढा त्रास करून घेता? तिला लिहा, छान हाय. एवढ्या लांब लेकरू. खूश होईल."

"छान म्हणू?" म्हणत माझ्याकडं असं बघितलं की मी हुक चुकीच्या बाजूला लावलं.

मग हळू आवाजात म्हणाले, "अक्का, फोनवर आमी काय बोलतो माहीत हाय का? जेवली का. जेवले. थंडी हाय का. हाय. झालं. आधी तासतास बोलायचो, हा सूर असा आन तो तसा. आता तिचं सगळं ह्या भांड्यात हाय. मला इथं शिरता आलं न्हाई, तर आमचं दोघांचं 'जेवली का' एवढंच राहील."

मी सुई पुन्हा ओवली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात दुकानाचं दार तीन दिवस अर्धं ओढलेलं. आतून तबला वाजल्याचा आवाज, मग थांबणं, मग पुन्हा. एक दिवस मोबाईल दुरुस्तीवाला अन्वर आत जाऊन दोन तास बसून आला. मी विचारलं तर मान हलवत म्हणाला, "चाची, मास्तर का दिमाग बहुत चलता है," आणि हसत निघून गेला.

चौथ्या दिवशी मास्तर स्वतः माझ्या ओट्यावर आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. "झालं," म्हणाले.

"काय झालं?"

"ठीक झालं ते. ऐका."

मास्तरांनी ते गाणं दुरुस्त केलं होतं! खाली दहा मात्रांचा ठेका धरून स्वतः तबला वाजवला होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जिथं ते चौघं फार वेळ गप्प बसत, तिथं मास्तरांनी एकेक छोटा तुकडा वाजवून जागा भरली होती. आणि ते एकाच सीटवरचे दोन सूर? अन्वरकडून तेवढं कापून टाकलं होतं. बावीस मिनिटांचं आता अठरावर आलं होतं. खरं सांगते, ऐकायला बरं वाटलं. मान डोलली माझी.

"तो तुकडा खराबच होता," मास्तर म्हणाले. "आता ठणठणीत हाय." आणि माझ्यादेखत सुजीला पाठवून दिलं. वर लिहिलं, "ठीक केलं आहे. वाजवून बघा."

ह्यात मास्तरांचा काही गर्व नव्हता हो. आयुष्यभर लोकांनी त्यांच्यापुढं आणून ठेवलेली प्रत्येक वस्तू बिघडलेलीच होती. चांगली वस्तू कोण घेऊन येतं दुकानात? लेकीनं काहीतरी पाठवलं, ते कानाला खुपलं, त्यांनी हातोडी घेतली.

आठ दिवस उत्तर नाही. मास्तर दर तासाला मोबाईल बघायचे. "सगळ्यांना ऐकवून राहिली असंल," म्हणायचे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तेही म्हणेनासे झाले.

नवव्या दिवशी फोन आला. त्यांचे हात शाईत बरबटलेले. शाई म्हणजे तबल्याच्या मधला काळा गोल, त्याची लुकण, म्हणजे काळा लगदा, ते घासत होते. म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला आणि मला सगळं ऐकू आलं. मला उठून जायला पाहिजे होतं. गेले नाही.

"बाबा, तुमी काय केलं त्याचं?"

"दुरुस्त केलं."

"ते बिघडलेलं नव्हतं, बाबा. ते तसंच हाय."

सुजीचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि बाबा, तुमी जो तुकडा काढून टाकला ना, तो माझा होता. सगळ्यात त्या एकाच जागी व्हायोला पुढं असतो. बाकी सगळा वेळ मी मागंच असते."

फोन ठेवल्यावर मास्तर शाईनं भरलेले हात तसेच वर धरून किती वेळ बसले होते. मग म्हणाले, "अक्का, कुकरचं रबर वळखतो मी. आन आपली लेक वळखू आली न्हाई."

त्या महिन्यात त्यांनी दुकान उघडलं, पण वाद्य आलं तर "बोल" म्हणायचे नाहीत. नुसते काम करायचे. लग्नाचे दिवस नव्हते, तरी कानात कापूस.

थंडीत सुजी आली. त्या चौघांचे कार्यक्रम होते मुंबई-पुण्याला, त्यातून चार दिवस काढून. पाठीवर ती लांबोडकी पेटी. पहिला दिवस बापलेकीनं जेवणाच्या बोलण्यावर काढला. ज्वारीची भाकरी, मुळ्याची भाजी, अजून वाढू का, नको. मी ठेचा नेऊन दिला, तर ठेच्यावरही दोघं बरंच बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर दुकानातल्या सतरंजीवरचा भुसा झटकताना दिसले. मला हात करून बोलवलं. सुजीला म्हणाले, "तुझं एकटीचं वाजव. बाकीचे तिघं राहू दे. मला फक्त तुझं ऐकायचं हाय."

"एकटीचं बरं वाटणार न्हाई, बाबा. मधी मधी नुसतं गप्प असतं."

"असू दे."

ती वाजवायला लागली. काय सांगू, त्या एवढ्याशा खोलीत तो आवाज फळीवरच्या ढोलक्यांना लागून त्याही आतून हुंकारत होत्या. दोन-चार ओळी वाजवायची, मग धनुकली खाली घेऊन थांबायची आणि पायाच्या अंगठ्यानं मोजायची.

"आता?" मास्तर विचारायचे.

"आता दुसरे वाजवून राहिले."

"आन तू?"

"मी ऐकून राहिले."

मास्तर मान हलवायचे. असं चार-पाच वेळा झालं. मग ती जागा आली, ते कापून टाकलेलं. पहिल्या व्हायोलिनचा सूर कुठं असतो तो तिनं आधी तोंडानं धरून दाखवला, आणि मग त्याच्या अगदी अंगाला घासून आपला सूर लावला, तोंडानं तो आणि हातानं हा. माझ्या दातांना कळ आली. मास्तरांचा हात आपोआप हातोडीकडं गेला.

सुजीनं वाजवता वाजवताच डोळे वटारले.

मास्तरांनी हातोडी उचलली आणि माझ्या हातात दिली. "अक्का, धरा हे," म्हणाले. मग दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. शेवटपर्यंत हातोडी माझ्याकडं होती. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं.

संपल्यावर सुजीनं कपाळ पुसलं. त्या व्यापाऱ्यासारखंच विचारलं तिनं, पण आवाज लहान मुलीचा. "कसं वाटलं, बाबा?"

मी देवाचा धावा सुरू केला.

"गोड लागलं न्हाई," मास्तर म्हणाले.

सुजी खाली बघायला लागली.

"खरं सांगा म्हणली होतीस."

"व्हय."

"पण थांब. ती जी घसा बसल्यासारखी, जाड आवाजाची, सगळे बोलून झाले की एक वाक्य बोलणारी, ती तू. बराबर का?"

"व्हय, बाबा."

"मग ती दुसरी कोण तुझ्या अंगावर येऊन राहिली?"

"ती पहिली व्हायोलिन."

"तिला म्हणावं, जरा सरकून बस."

सुजी अशी हसली की व्हायोला गळ्यापासून सुटता सुटता राहिला. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "ती न्हाई सरकणार, बाबा. मीबी न्हाई. तसंच ठरलेलं हाय. दोघींनी जरासुद्धा हलायचं न्हाई, आन एकमेकीला मिळायचं बी न्हाई. केसाएवढं सरकलं तरी गेलं. सगळ्यात अवघड काम हाय ते."

हे ऐकून मास्तर पुढं सरकले. आता त्यांच्या धंद्याचं बोलणं निघालं होतं. "केसाएवढं? मग हात किती दाबतीस? धनुकली वजनानं धरतीस का नुसती ठेवतीस?" आणि दोघांचं जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत. मी हातोडी बाकड्यावर ठेवून घरी आले. स्वयंपाक होऊन माझं जेवण झालं तरी समोरून आवाज येतच होते, "न्हाई न्हाई, बाबा, असं," आणि "मग असं काहून न्हाई?" त्या दिवशी ती दोघं जेवली का, हे कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

सुजी गेल्यावर मास्तर पुन्हा रोज बावीस मिनिटं बसायला लागले. पूर्ण बावीस. गल्लीतले चिडवायचे, "काय मास्तर, आवडलं का मग?" "न्हाई!" असं खुशीत सांगायचे, जावयाबद्दल तक्रार करावी तसं. कधी स्वतःहून बातमी द्यायचे. "आज नवव्या मिनिटापर्यंत बरं गेलं." माझं म्हणाल तर मला ते अजूनही कपाटच वाटतं. पण मास्तरांच्या बाजूला बसून ऐकलं की एवढं तरी कळायचं, की कपाट नेणाऱ्यांमध्ये एक आपल्या गल्लीतली हाय.

पुढं माझ्या गुडघ्यांनी संप केला आणि मुलानं मला हिंगोलीला आपल्याकडं न्यायचं ठरवलं. मास्तर गेल्याचं मला तिथंच कळलं, त्याला आता दोन वर्षं होतील. पण मी बघितलेले शेवटचे मास्तर ते वसमत सोडतानाचे.

रिक्षा दारात उभी होती. मशीन, गाठोडी, तुळशीची कुंडी सगळं भरून झालं होतं. मी निरोप घ्यायला रस्ता ओलांडून गेले. मास्तर बाकड्यावर बसलेले, डोळे मिटलेले, कानात मोबाईलची वायर. सुजीनं पाठवलेली ती. मी म्हटलं, "मास्तर, येते मी." त्यांनी डोळे न उघडता हात वर केला, थांबा म्हणून. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. "मावशी, चला ना!" मास्तरांनी त्यालाही तोच हात दाखवला. मग वायरीचं एक टोक आपल्या कानातून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. मी बाकड्यावर टेकले. माझ्या कानात ते चौघं खरखरत होते, आणि मास्तरांनी बाकड्याची कड घट्ट पकडली होती.

"आता सुजी येऊन राहिली, अक्का," ते म्हणाले. "घट्ट बसा."